काडतुसाची मान आणि आपला पावसाळा

काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७च आठवतं. जानेवारी महिन्यात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू झाली, २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे यांनी बंदूक उचलली, आणि पुढचं सगळं आपण शाळेत शिकलो. हा धडा शिकवताना एक प्रश्न दरवर्षी यायचा, "सर, काडतूस दाताने कसं तुटेल? ते तर पितळेचं असतं ना?"

प्रश्न अगदी रास्त. त्या वेळचं काडतूस म्हणजे कागदाची पुडी होती. आत मोजून घातलेली दारू आणि शिशाची गोळी. पुडी दाताने फाडायची, दारू नळीत ओतायची आणि चरबी लावलेल्या कागदासकट गोळी गजाने वरून ठासायची. पितळ आलं ते नंतर. १८६६ च्या सुमारास वूलविचच्या शस्त्रागारातल्या कर्नल बॉक्सर यांनी पातळ पितळी पत्रा गुंडाळून काडतूस केलं. १८८५ च्या आसपास एकसंध ओढून केलेलं पितळी काडतूस ब्रिटिश फौजेत आलं, आणि १८८८ साली .३०३ ची रायफल. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ चा. (काडतूस हा शब्दही पगार, चावी यांच्यासारखा पोर्तुगीजांकडून आलेला.)

आज लिहायचं आहे ते या पितळी काडतुसाच्या मानेबद्दल. काडतुसाचं मुख्य अंग रुंद असतं, वर ते निमुळतं होतं आणि एक छोटी मान उरते. त्या मानेत गोळी बसवलेली असते. तिला स्क्रू नाही, खिळा नाही, डिंक नाही. मानेचं आतलं भोक गोळीपेक्षा दोन-तीन सहस्रांश इंच लहान ठेवायचं आणि गोळी दाबून बसवायची. म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीचा किंवा त्याहूनही कमी फरक. तेवढ्यावर गोळी घट्ट धरली जाते. लष्करी काडतुसात पुष्कळदा मानेची कड वरून चेपतातही, म्हणजे धक्क्याने गोळी हलू नये.

आता गंमत बघा. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पितळेच्या चकतीपासून पेला करायचा, तो साच्यातून ओढून ओढून लांब करायचा, शेवटी मान दाबायची. धातू थंडपणी ठोकला किंवा ओढला की कडक होतो. पुण्याच्या तांबट आळीत कोणालाही विचारा. घडा घडवताना मध्ये मध्ये तो भट्टीत तापवून मऊ करावा लागतो, नाहीतर हातोडीखाली फाटतो. काडतुसाच्या कारखान्यातही दोन ओढींच्या मध्ये पितळ तापवतात. पण शेवटचा दाब दिल्यानंतर तापवलं नाही, तर तो ताण धातूच्या पोटात तसाच राहतो. वरून काही दिसत नाही. काडतूस चकचकीत, मापात, तपासणीत पास!

हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला याचा प्रताप दिसला तो पावसाळ्यात. आपल्याकडे पावसाळा म्हणजे लष्कराच्या विश्रांतीचा काळ. मराठ्यांच्या फौजाही छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. इंग्रजांनाही पावसापुढे थांबावंच लागे. त्या दिवसांत दारूगोळा कोरड्या आडोशाला, घोड्यांच्या तबेल्यात ठेवला जाई. पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात तर कित्येक काडतुसांना चिरा! आणि बऱ्याचशा नेमक्या मानेपाशी, जिथे पितळ गोळीवर चेपलेलं असे तिथे. न उडवलेली, हातही न लावलेली काडतुसं बसल्या जागी फुटत होती. अशा काडतुसात गोळी सैल होणार, दारूला दमट हवा लागणार, आणि ज्या शिपायाच्या हातात ते ऐन वेळी येणार त्याला त्याची कल्पनाही नसणार.

इंग्रजांनी या रोगाला नाव दिलं 'सीझन क्रॅकिंग'. मराठीत 'ऋतुभंग' म्हणू या. नावातच ठपका ठेवला होता, दोष ऋतूचा म्हणून.

खरं कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी मांडलं. तबेल्यात घोड्यांच्या मुतामुळे हवेत अमोनिया असतो. तो दमट हवेत पितळेवर बसतो आणि धातूच्या बारीक कणांच्या सांध्यांमधून आत शिरतो. धातूच्या पोटात ताण असेल तर ते सांधे उकलत जातात. नुसता ताण असता तर काडतूस बराच काळ टिकलं असतं. ताण नसताना नुसता अमोनिया लागला असता तर पितळ डागाळलं असतं, पण असं तडकलं नसतं. दोन्ही एकत्र आले तेव्हा घात झाला.

आपण हवामान तर बदलू शकत नाही, मग उपाय काय? उपाय साधा होता. तयार काडतूस साधारण २५० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत हलकेच तापवायचं. तेवढ्याने पोटातला ताण ओसरतो आणि पितळ फार मऊही पडत नाही. मान मात्र वेगळी, जास्त तापवून मऊ करतात. बूड कडकच ठेवावं लागतं, कारण स्फोटाचा दाब तिथे झेलायचा असतो. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते ती या आचेची खूण.

याच मानेपायी आजही काही माणसं रात्री जागवतात. अमेरिकेत नेमबाजीचे शौकीन उडवलेली रिकामी काडतुसं घरी पुन्हा भरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत.) त्यांचा सगळा जीव 'नेक टेन्शन'मध्ये, म्हणजे प्रत्येक मानेची पकड सारखी असण्यात. एक मान घट्ट आणि एक सैल असली तर गोळी सुटतानाचा दाब बदलतो, वेग बदलतो आणि दूरच्या निशाण्यावर गोळ्या वर-खाली लागतात. म्हणून ते मानेची जाडी मोजतात, आतली काजळी एकसारखी साफ करतात, एकाच साच्यातून सगळ्या माना दाबतात. तरीही फरक पडतो, कारण प्रत्येक बारानंतर मान फुगते, ती पुन्हा दाबावी लागते आणि दर वेळी पितळ थोडं अधिक कडक होतं. कडक मान दाबल्यावर परत थोडी उसळते, मऊ मान दाबली तिथेच राहते. साचा एकच, पण पाच वेळा वापरलेलं आणि एकदा वापरलेलं काडतूस त्यातून सारखं बाहेर येत नाही. शेवटी काडतुसं वापराप्रमाणे वेगळी ठेवायची आणि मान ठरावीक आचेवर तापवून मऊ करायची, हाच मार्ग उरतो. तांबट आळीतला तोच जुना मार्ग.

सांगायचा मुद्दा असा की वस्तू आज कशी दिसते यावरून ती कशी वागेल हे कळत नाही. तिच्यावर आधी काय गुदरलं आहे तेही बघावं लागतं. इतिहासाच्या शिक्षकाला हे पटायला वेळ लागत नाही! त्या फुटलेल्या काडतुसांचा दोष कित्येक वर्षं आमच्या पावसाळ्याच्या माथी होता. पावसाने फक्त आधीच असलेला ताण उघडा पाडला. ताण कारखान्यात भरला गेला होता, आणि काडतुसं तबेल्यात माणसांनीच नेऊन ठेवली होती.

१८५७ च्या उठावाचं खापरही पुष्कळ इंग्रज लेखकांनी चरबीच्या काडतुसावर फोडलं. खालसा झालेली संस्थानं, गेलेली वतनं, शिपायांचे अपमान हा आत साठलेला ताण त्यांना दिसला नाही, किंवा बघायचा नव्हता. असो.