योत-लोहाऱ्याच्या वाटा

अकबराच्या दरबारी अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’ सिद्ध केली, तीत वऱ्हाड सुभ्याच्या परगण्यांमध्ये ‘योत-लोहारा’ असे एक जोडनाव आढळते. आज ज्याला आपण यवतमाळ म्हणतो ते गाव आणि त्याच्या पश्चिमेस दीड कोसावर वसलेले लोहारा ही दोन्ही त्या एका परगण्याच्या शिरोभागी जोडीने बसली आहेत. चांदबिबीने १५९६ साली वऱ्हाड मोगलांच्या हवाली केल्यानंतर या मुलखाची जी महसुली मांडणी झाली, तीत आजचा बहुतेक यवतमाळ जिल्हा कळंब आणि माहूर या दोन सरकारांत विभागला गेला होता. पुढे यवतमाळ वाढले, लोहारा मागे पडले, आणि आता तर ते नगरपरिषदेच्या हद्दीत जाऊन दारव्हा मार्गावरील औद्योगिक वसाहतीच्या नावानेच काय ते बाहेरगावच्या माणसास ठाऊक असते. परंतु ज्याला या गावाचा पूर्वेतिहास जाणून घ्यावयाचा असेल, त्याने दफ्तरे चाळण्यापूर्वी गावाबाहेर पडून टेकड्यांकडे, नाल्यांकडे आणि सागाच्या रानाकडे जाणाऱ्या वाटा पाहाव्यात असे माझे मत आहे. कारण परगण्याचे ठाणे बदलते, सुभेदार बदलतात, पण लादलेला बैल ज्या उतारावरून सुखाने उतरतो, तो उतार सहसा बदलत नाही.

वऱ्हाडाचे पयानघाट आणि बालाघाट असे दोन भाग जुन्या कारभारात मानले जात. पूर्णेच्या काठची काळी सपाटी हा पयानघाट, आणि तिच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेपासून पूर्वेकडे पसरत गेलेला उंचवटा हा बालाघाट. यवतमाळचे पठार या दुसऱ्या भागात मोडते. येथील डोंगर काळ्या पाषाणाच्या थरांवर थर बसून झालेले असल्यामुळे त्यांचे माथे सपाट आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. पठारावर पडलेल्या पावसापैकी उत्तर अंगाचे पाणी बेंबळेच्या वाटे वर्धेस जाते, दक्षिण अंगाचे अडाण, अरुणावती आणि वाघाडी यांच्या वाटे पैनगंगेस मिळते, आणि अखेर पैनगंगाही वर्धेतच सामावते. या दोन पाणलोटांमधली जी मुरमाड धार, तीच येथील पादचाऱ्याची स्वाभाविक वाट. कारण आषाढ-श्रावणात खोऱ्यातल्या काळ्या वावरांतून माणसाचा पाय पोटरीपर्यंत आणि बैलाचा गुडघ्यापर्यंत रुतत असताना धारेवर मात्र पाऊस उघडताच पाऊल कोरडे पडते. अर्थात धारेवर पाणी नसते. त्यामुळे वाट कोठे ना कोठे खाली उतरते, नाल्यास भेटते आणि पुन्हा चढते. लोहाऱ्याच्या आसमंतातील बहुतेक वाटांची वळणे या एका निकडीने घातलेली आहेत.

जुनी गाडीवाट नाल्यापाशी कशी वागते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. ती नाल्यावर सरळ कधीच येत नाही. काठाकाठाने ती वरच्या अंगाला जाते, पात्रात गाळ संपून सलग खडक उघडा पडतो तेथवर थांबत नाही, आणि मग तिरपा उतार घेऊन खाली येते; त्या उतारावर दोन्ही चाकांच्या चाकोऱ्या मुरमात हात हात खोल गेलेल्या असतात आणि मधला उंचवटा बैलांच्या खुरांनी गुळगुळीत झालेला असतो. पलीकडचा चढ संपला की मोहाखाली किंवा चिंचेखाली थोडी सपाट जागा हमखास सापडते, कारण बंडी वर आली म्हणजे जोडीला दम घेऊ द्यावाच लागतो. पायी चालणाराची वाट मात्र या सगळ्या वळशात पडत नाही. ती अलीकडेच फुटते, धोंड्यांवरून नाला ओलांडते, समोरच्या धुऱ्यावर चढते आणि त्या सपाट जागी गाडीवाटेला पुन्हा येऊन मिळते. एकाच ओढ्यावरच्या या दोन वाटांत मनुष्याचा स्वभाव आणि बैलाचा स्वभाव अगदी वेगवेगळे दिसतात.

गाडीच्या आधी पाठीवरचे ओझे होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस सुमारे पाचशे मैलांचा प्रवास करून गंगेकाठच्या मिर्झापुरास जाई, तो बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. परतताना हेच तांडे मीठ, धान्य, मसाल्याचे जिन्नस घेऊन येत, आणि फौजा चालून गेल्या म्हणजे त्यांच्यामागे रसदही तेच पुरवीत. शेकडो बैलांच्या तांड्याला विकतचा चारा परवडणे शक्यच नव्हते. तो चालता चालता चरला पाहिजे, मुक्कामाला पाणी मिळाले पाहिजे आणि उभ्या पिकाच्या वावरांपासून दूर राहिले पाहिजे. म्हणून बंजाऱ्यांची वाट गावाच्या पांढरीवरून न जाता रानाच्या कडेने, गवताच्या पट्ट्यापट्ट्यांनी जाई. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा, दिग्रस, पुसद या भागांत आज जे असंख्य तांडे स्थिरावलेले दिसतात, त्यांचे पूर्वज याच वाटांचे प्रवासी होते. माझ्या समजुतीप्रमाणे लोहाऱ्याच्या वाटांचा इतिहास हा मुळात गवताचा इतिहास आहे, आणि पुढे जे घडले ते या दृष्टीने पाहिल्यास सुसंगत वाटते.

त्या काळी वाट फुकट नव्हती हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मालाच्या बैलांवर राहदारी द्यावी लागे, आणि वऱ्हाडात तर नागपूरकर भोसले व निजाम यांचा दुहेरी अंमल असल्यामुळे, ज्याला लोक दोअमली म्हणत त्या व्यवस्थेत, महसुलाचा साठ टक्के वाटा एकाकडे आणि चाळीस दुसऱ्याकडे असा मामला होता. रयतेला दोन धन्यांचे शिपाई एकाच पांदणीने येताना पाहावे लागत. सरकारी माणूस गावात आला की त्याला पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोचविण्याची आणि त्याचे सामान वाहण्याची वेठ गावच्या महाराकडे असे. रानातली प्रत्येक आडवाट, पाण्याचा प्रत्येक डोह ज्याला तोंडपाठ, त्याचेच ते ज्ञान त्याच्याकडून मोबदल्यावाचून वसूल केले जाई. १८१८च्या एप्रिलात, इंग्रज फौजांपुढे पळत आलेला दुसरा बाजीराव पांढरकवड्याच्या बाजूस शिवणीपाशी कर्नल ॲडम्सच्या हाती लागता लागता निसटला, तेव्हाही त्याच्या लष्कराला वाट दाखविणारे असेच कोणी तरी गावोगावचे निनावी वाटाडे असले पाहिजेत.

१८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आला, १८६४ साली वणी जिल्हा निर्माण झाला, आणि १९०५ साली दारव्हा व पुसद हे तालुके जोडून त्याला यवतमाळ जिल्हा हे नाव मिळाले. या मधल्या चाळीस वर्षांत वाटांची उलथापालथ झाली ती कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले, आणि १८६७ साली भुसावळ-नागपूर लोहमार्ग पुरा होताच यवतमाळपासून धामणगाव स्टेशनापर्यंतची एकोणतीस मैलांची सडक जिल्ह्याची मुख्य नाडी होऊन बसली. बैलाच्या पाठीवरचा माल बंडीत आला. पुढे १९१०च्या सुमारास किलिक निक्सन कंपनीच्या भांडवलावर मूर्तिजापुराहून दारव्ह्यावरून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी झाली, जिला लोक लाडाने शकुंतला म्हणत. तांड्यांना व्यापारात स्थान उरले नाही. बंजारे शेतीला, मजुरीला लागले, आणि त्यांच्या गवताळ वाटा गुरांच्या, मोळीवाल्यांच्या आणि कोलाम आदिवासींच्या ताब्यात राहिल्या.

पण गवताला नवा मालक मिळाला होता. १८८६च्या वन कायद्याने वऱ्हाडातील राखीव रानांचे तीन वर्ग ठरविण्यात आले: इमारती लाकूड आणि जळाऊ लाकूड ज्यांतून काढावयाचे ते पहिल्या वर्गात, गवताची रमणे दुसऱ्या वर्गात, आणि गुरे चारण्याची राने तिसऱ्या वर्गात. कागदावर ही विभागणी मोठी शहाणपणाची दिसते, आणि जंगल अगदीच बोडके होऊ न देण्यात तिचा काही वाटा होता हे नाकारता येत नाही. वाटेवर मात्र तिचा अर्थ निराळा होता. ज्या पायवाटेने बाई पूर्वी विळा घेऊन सकाळी निघे आणि डोक्यावर गवताचा भारा घेऊन दुपारी परते, त्या वाटेवर आता पास नसेल तर ती गुन्हेगार ठरे. गुरे रमण्यात शिरली तर कोंडवाड्यात जात आणि सोडवून आणण्यास दंड भरावा लागे. नाकेदार ओळखीचा असेल तर गोष्ट भागे, नसेल तर कोंबडी किंवा तूप देऊन भागवावी लागे. कोलामांच्या पोडांना, म्हणजे वस्त्यांना, तर पास, परवाना, हद्दीचा मुनारा या शब्दांशी एकाएकी गाठ पडली.

१९३० साली गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला तेव्हा वऱ्हाड-मध्यप्रांतातील पुढाऱ्यांपुढे एक साधी अडचण उभी राहिली, ती ही की येथे समुद्र नव्हता. तेव्हा मोडावयाचा कायदा म्हणून त्यांनी जंगलाचा कायदा निवडला, आणि ज्या प्रांतात घराघरात गुरे बांधलेली, तेथे ही निवड मिठाच्या निवडीइतकीच मर्मग्राही ठरली. लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे परवान्यावाचून गवत कापून सत्याग्रहाला आरंभ केला. त्यानंतर अकराच दिवसांनी, २१ जुलैला, लोहाऱ्याच्या जंगलात सत्याग्रह झाला. नागपूरचे डॉ. केशव बळिराम हेडगेवार, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालकपद डॉ. ल. वा. परांजपे यांच्याकडे तात्पुरते सोपवून, आपल्या तुकडीसह येथे आले. राखीव रानातले गवत त्यांनी कापले, त्यांना पकडण्यात आले आणि नऊ महिन्यांची शिक्षा देऊन अकोल्याच्या तुरुंगात पाठविण्यात आले. आरोपांत एक कलम चोरीचे होते. वर्षानुवर्षे त्याच रानातून मूठभर गवत आणणाऱ्या आणि नाकेदाराने पकडलेल्या माणसांवरही आरोप याहून वेगळा नसे, आणि त्यांची नावे कोणत्याही चरित्रात आलेली नाहीत. पुढाऱ्यांच्या राजकारणाचे रस्ते पुढे कोणाकडे कसे वळले याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की लोहाऱ्याच्या रानवाटेने त्या पावसाळ्यात शहरातील इतके लोक चालत गेले, की नेहमीच्या गवतवाल्यांना त्यांचे नवल वाटले असल्यास ते क्षम्य होय.

स्वातंत्र्यानंतर सडका डांबरी झाल्या, पठारावर कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, आणि पायवाटांपैकी काही त्या भिंतींपाशी येऊन खुंटल्या. तरीही सर्वच वाटा मेल्या असे म्हणता येणार नाही. लोहाऱ्याच्या कमलेश्वराच्या हेमाडपंती देवळाकडे श्रावणात पायी येणारे भाविक आहेत. आर्णीवरून पैनगंगा ओलांडून माहूरच्या रेणुकेला पायी जाणारी मंडळी आहेत. चैत्रात पहाटे मोहफुले वेचणारे आणि वैशाखात तेंदूची पाने खुडून त्यांचे पुडे बांधणारे आहेत. यांपैकी शेवटच्या दोघांच्या वाटा नकाशात सापडत नाहीत, कारण त्या झाडांपर्यंत जातात आणि तेथे संपतात.

शेतातल्या वाटांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. धुऱ्यावरची वाट शेजाऱ्याने नांगरली की भांडण तहसीलदाराकडे जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६च्या कायद्याच्या, १४३व्या कलमान्वये तो बांधावरून वाट देऊ शकतो, आणि विदर्भातील गावांच्या वाजिब-उल-अर्जात, म्हणजे गावच्या रूढींच्या नोंदीत, वहिवाटीची वाट नोंदलेली असेल तर अर्जदाराची बाजू पुष्कळच भक्कम होते. नोंद नसेल तर म्हाताऱ्यांच्या साक्षी काढाव्या लागतात, आणि जसजशी बंडीऐवजी ट्रॅक्टर आणि पायाऐवजी मोटारसायकल येत जाते, तसतशी ती साक्ष दुर्मीळ होते. रानातल्या वाटांसाठी २००६च्या वनहक्क कायद्याने निस्ताराचे आणि सामूहिक वापराचे हक्क मान्य केले असून, गवत, तेंदू, मोह यांच्यापर्यंत जाणारी वहिवाट आपल्या दाव्यात नोंदविण्याचा मार्ग ग्रामसभेला मोकळा झाला आहे. लोहारा नगरपरिषदेत सामील झाल्यामुळे तेथे असा दावा मांडणारी ग्रामसभाच उरलेली नाही. सबब ज्या रमण्यासाठी १९३० साली विळे उचलले गेले, त्याकडे जाणाऱ्या वाटांचा अर्ज आता शेजारच्या गावांनाच आपल्या शिवेपासून लिहावा लागेल.