कृपा आणि कथन : तीन मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील परिवर्तनाचा काळ

ख्रिस्ती धर्मविचारातील कृपेची संकल्पना आत्मचरित्रकारासमोर एक पेच उभा करते. तारण हे मनुष्याच्या कर्माचे फळ नसून ईश्वराने विनामूल्य दिलेले दान आहे, हा पौलाच्या पत्रांतील सिद्धान्त. पाचव्या शतकात पेलेगियसच्या मताचे खंडन करताना ऑगस्टीनने तो अधिक काटेकोर केला. आत्मचरित्र मात्र कार्यकारणभावावर उभे असते. 'मी असा होतो, हे घडले, म्हणून मी असा झालो' या वाक्यातील 'म्हणून' वगळला तर कथन विस्कळीत होते. तो ठेवला तर कृपा ही कृपा राहत नाही, परिस्थितीचा परिपाक ठरते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून धर्मांतरित मराठी लेखकांनी हा पेच कसा हाताळला, हे पाहणे वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

आपल्या समीक्षेने या लेखनाकडे प्रामुख्याने दोन दिशांनी पाहिले. एक दिशा समाजशास्त्रीय : धर्मांतर म्हणजे जातिव्यवस्थेविरुद्धचे बंड किंवा वसाहतवादी सत्तेचा परिणाम. दुसरी दिशा शैलीची : भाषेचा गोडवा, विनोद, निरागसता. दोन्ही दिशा उपयुक्त आहेत; परंतु लेखकांना स्वतःला जे सांगायचे होते, ते दोहोंच्या मध्ये निसटते. कृपा खरोखर घडली की नाही, याचा निर्णय इतिहासकाराने द्यावयाचा नाही. तथापि तिच्यावरील विश्वासाने कथनाची घडण बदलली असेल, तर ती घडण हा ऐतिहासिक पुरावाच होय.

बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ साली बेळगावात झाला आणि त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' १८८८ साली प्रसिद्ध झाले. मधल्या चौतीस वर्षांचे अंतर ध्यानात घेतले पाहिजे. ग्रंथाचे शीर्षकच काळाविषयीची भूमिका सांगते. अरुणोदय हा क्षण नव्हे, तो सावकाश उजळत जाणारा प्रहर आहे. घरातील व्रतवैकल्ये, मिशनरी शाळांतील अध्ययन, परमहंस मंडळीशी आलेला संबंध, वाचन आणि वादविवाद अशा पायऱ्यांनी कथन पुढे सरकते. वरवर पाहता हा बुद्धिवादी तरुणाचा प्रवास आहे; प्रत्येक पायरी पुढच्या पायरीचे कारण वाटते. पण सूर्य उगवणे हे पाहणाऱ्याच्या हातात नसते. शीर्षकातील रूपक ही कारणपरंपरा आतून सैल करते : शोध माणसाचा, प्रकाश मात्र बाहेरून आलेला. वयाच्या उत्तरार्धात लिहिणाऱ्या निवेदकाला तारुण्यातील धडपड कृपेच्या उजेडात पुन्हा वाचता येते. तर्काची भाषा न सोडता कृपेला जागा करून देण्याची ही पदमनजींची युक्ती होय.

पंडिता रमाबाईंनी अधिक धाडसी मार्ग स्वीकारला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०७ साली इंग्रजीतून लिहिलेल्या साक्षीत मात्र त्या सांगतात की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे काही वर्षांनी भेटला. धर्मांतर आणि परिवर्तन यांच्या तारखा त्यांनी अशा वेगळ्या केल्या. या विभागणीचे महत्त्व केवळ आध्यात्मिक नाही. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंनी आपल्या विवेकावर चर्चचा अधिकार निमूटपणे मान्य करण्यास नकार दिला होता. हिंदू धर्मशास्त्राचा अधिकार नाकारून आलेली ही विदुषी दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे मान तुकवायला तयार नव्हती. कृपा थेट ईश्वराकडून येत असेल, तर तिच्यावर कोणत्याही संस्थेची मालकी असू शकत नाही. बाप्तिस्मा संस्था देऊ शकते. परिवर्तन देऊ शकत नाही. रमाबाईंच्या दोन तारखांमधील अंतरात हा निष्कर्ष सामावलेला आहे. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात केडगावला त्यांनी बायबलचे नव्याने मराठी भाषांतर केले. अल्पशिक्षित स्त्रीलाही स्वतः वाचून कळावे, हा त्यामागील आग्रह याच भूमिकेशी सुसंगत आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात वियोग, नातलगांचा दबाव आणि मनाची ओढाताण त्यांनी सोसली. टिळकांच्या चरित्रात नाट्यपूर्ण प्रसंग आहे : रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. लक्ष्मीबाईंपाशी असा प्रसंग नाही, आणि त्या तो रचतही नाहीत. त्यांच्यातील बदल पाणी, अन्न, सोवळे यांतून प्रकट होतो. जातिभेद माणसाने केला आहे, ही जाणीव आधी येते. तिच्यामागून विटाळाची भीती जाते. बाप्तिस्मा शेवटी येतो. त्यांचा विनोदही याच दृष्टीने वाचला पाहिजे. स्वतःच्या परिवर्तनाचे श्रेय स्वतःकडे न घेणारा निवेदक स्वतःला हसू शकतो. ज्या गुणाला आपण निरागसता म्हणत आलो, तो अंशतः तरी कृपेवरील विश्वासाचा शैलीगत परिणाम आहे, असे म्हणता येईल.

येथे एक आक्षेप संभवतो. कृपा हा शब्द मराठीला मिशनऱ्यांनी दिला नाही; गुरुकृपेची आणि देवाच्या प्रसादाची दीर्घ परंपरा वारकरी वाङ्मयात आहे. मग या लेखकांचे वेगळेपण कशात? उत्तर परिणामांत शोधावे लागते. भक्तिपरंपरेत कृपा झालेला मनुष्य सामान्यतः आपल्या घरात, गावात, जातीत राहत असे. या तिघांच्या बाबतीत कृपेची कबुली म्हणजे बहिष्कार होता. विनामूल्य मिळालेल्या दानाची सामाजिक किंमत मोठी होती. त्याच वेळी जुनी भाषा सुटली नव्हती. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे टिळक मानत. १९१७ साली मिशनच्या सेवेतून बाहेर पडून त्यांनी स्थापलेल्या 'देवाचा दरबार'मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. रमाबाईंनी तर्काने काढलेला निष्कर्ष टिळकांनी संघटनेच्या रूपात उतरवला.

तीन आत्मकथनांत कृपेचे तीन काळ दिसतात : पदमनजींचा उजळत जाणारा, रमाबाईंचा दुभंगलेला, लक्ष्मीबाईंचा दैनंदिनात विरघळलेला. मराठी आत्मचरित्राच्या इतिहासात 'मी'च्या उदयाची चर्चा बहुधा व्यक्तिस्वातंत्र्याच्या परिभाषेत होते. या लेखनातील 'मी' मात्र आपण स्वतःला घडवले नाही, हे मान्य करूनच बोलू लागतो. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, कुटुंब, जात आणि चर्च या तिन्ही सत्तांपुढे निर्भयपणे उभा राहतो. आधुनिक मराठी व्यक्तीची वंशावळ मांडताना या 'मी'ला परिशिष्टात ढकलून चालणार नाही.