शिशाचा ॲप्रन येण्याआधी

जर्मनीतल्या रेम्शाइड शहराचा लेन्नेप हा जुना भाग. पाटीच्या दगडाने मढवलेल्या भिंती, हिरव्या झडपांच्या खिडक्या. इथेच एका कापड व्यापाऱ्याच्या घरी २७ मार्च १८४५ रोजी क्ष-किरणांचे शोधक विल्हेल्म रोंटगेन जन्मले. ते तीन वर्षांचे असतानाच कुटुंब हॉलंडला गेलं. पण गावाने नातं तोडलं नाही. त्यांच्या जन्मघराजवळच गावाने जर्मन रोंटगेन संग्रहालय उभं केलं.

क्ष-किरणांचा शोध मात्र वुर्झबुर्ग शहरातला. ८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी काळ्या कागदात गुंडाळलेल्या नळीतून विजेचा प्रवाह सोडताच बाजूचा रसायन लावलेला पडदा उजळला. २२ डिसेंबरला रोंटगेन यांनी पत्नी बेर्टा यांच्या हाताचं छायाचित्र घेतलं. त्यात हाडं दिसली आणि बोटातली अंगठीही. पुढच्या जानेवारीत ही बातमी जगभर पोचली.

रोंटगेन यांनी पेटंट घेतलं नाही. १९०१ चं भौतिकशास्त्राचं पहिलंवहिलं नोबेल त्यांना मिळालं, तेव्हा त्याची रक्कमही त्यांनी वुर्झबुर्ग विद्यापीठाला देऊन टाकली. क्ष-किरणांसाठी लागणारी नळी आणि विजेचं वेटोळं बहुतेक प्रयोगशाळांत होतंच. त्यामुळे डॉक्टर, छायाचित्रकार, जत्रेतले खेळवाले, ज्याला जमेल तो हाडं दाखवू लागला.

या किरणांपासून जपायला हवं, हे तेव्हा जवळजवळ कुणालाच ठाऊक नव्हतं.

नळी नीट चालते का, हे पाहायला लोक स्वतःचाच हात पुढे करत. अमेरिकन संशोधक एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली वर्षानुवर्षं तेच करत राहिले. आधी कातडी जळली, मग कर्करोग झाला, दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये ते वारले. एडिसन यांनी या किरणांचं काम कायमचं सोडलं. हांबुर्गच्या सेंट गेऑर्ग रुग्णालयाच्या आवारात १९३६ साली एक स्मारक उभं राहिलं. त्यावर या किरणांपायी जीव गमावलेल्या अनेक देशांतल्या डॉक्टरांची, तंत्रज्ञांची आणि परिचारिकांची नावं आहेत.

तरीही बाजार थांबला नाही. लेन्नेपच्या संग्रहात पेडोस्कोप आहे, म्हणजे चपला-बुटांच्या दुकानातलं क्ष-किरण यंत्र. नव्या बुटात पाय घालून मूल त्यावर उभं राहायचं आणि आई वरच्या काचेतून त्याची बोटं पाहायची. १९२० च्या दशकात आलेली ही यंत्रं युरोप-अमेरिकेत काही दशकं चालली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने त्यांच्यावर बंदी घातली ती थेट १९५७ साली.

शिशाचा ॲप्रन, शिशाची काच, कर्मचाऱ्याच्या छातीवरचा किरणांची मात्रा मोजणारा बिल्ला, या साऱ्या वस्तू अशा अनुभवांतून आल्या. भारतात या सुरक्षेचे नियम मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ पाहतं. त्याच्या परवान्याशिवाय एक्स-रे यंत्र चालवता येत नाही. पुढच्या वेळी फोटो काढायला जाल, तेव्हा तो परवाना आहे का, हे जरूर विचारा.