जुन्या गाडीची निवड आणि वाढीव अश्वशक्ती : अमेरिकेतील एका परंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मोटारगाडीचा इतिहास आजवर प्रामुख्याने कारखानदारांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. हेन्री फोर्ड यांची जुळणीसाखळी, जनरल मोटर्सचे दरवर्षीचे नवे नमुने, जपानी कंपन्यांची उत्पादनपद्धती हे विषय अभ्यासकांना परिचित आहेत. परंतु कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी काही वर्षांनी दुसऱ्या, तिसऱ्या मालकाकडे जाते, तेथे तिचे काय होते, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष दिले गेले. रोनाल्ड क्लाइन व ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मधील एका लेखात अमेरिकेच्या ग्रामीण भागातील शेतकरी मोटारीच्या इंजिनाचा वापर इतर यंत्रे चालविण्यासाठी कसा करीत, हे दाखवून वापरकर्त्याला तंत्रज्ञानाच्या इतिहासात स्थान दिले. डेव्हिड लुस्को यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बिझनेस ऑफ स्पीड' या ग्रंथात गाडीचा वेग वाढविणाऱ्या सुट्या भागांच्या उद्योगाचा इतिहास मांडला.

प्रस्तुत लेखात याच परंपरेतील एका मर्यादित प्रश्नाचा विचार केला आहे. अश्वशक्ती वाढविण्याच्या हेतूने जुनी गाडी, विशेषतः सेडान, घेणारा मनुष्य कोणती गाडी निवडत असे आणि का? वरवर पाहता हा हौशी तरुणांचा प्रश्न वाटतो. तथापि या निवडीमागे यंत्राचे ज्ञान, बाजारभाव, कायदा आणि सुरक्षितता या चारही गोष्टी एकत्र येतात. मूळची अश्वशक्ती किती, यापेक्षा गाडीत न वापरलेली क्षमता किती शिल्लक आहे, याचा अंदाज हाच या निवडीचा खरा आधार होता, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. मॉडेल टी ते व्ही-आठ :

फोर्डच्या मॉडेल टी या गाडीचे उत्पादन १९०८ ते १९२७ या काळात झाले आणि दीड कोटींहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती अवघी २० अश्वशक्ती होती. तरीही वेगाच्या हौशी मंडळींनी हीच गाडी निवडली. ती सर्वत्र आणि अल्प किमतीत मिळत असे, तिची रचना सोपी होती आणि तिच्यासाठी सुधारित भाग बनविणारे छोटे कारखाने उभे राहिले होते. विशेष म्हणजे ज्यांच्या आडनावाने शेवरोले ही प्रतिस्पर्धी कंपनी ओळखली जाते, त्या शेवरोले बंधूंनीच फोर्डच्या इंजिनासाठी 'फ्रंटेनॅक' नावाचे सिलिंडर हेड तयार करून विकले. अर्थात गाडी कोणाची, यापेक्षा तिच्यासाठी काय उपलब्ध आहे, याला महत्त्व होते.

१९३२ मध्ये फोर्डने सामान्य ग्राहकाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरची गाडी बाजारात आणली. तिच्या २२१ घन इंच, म्हणजे सुमारे ३.६ लिटरच्या इंजिनाची शक्ती ६५ अश्वशक्ती होती. त्याआधीच्या मॉडेल ए या गाडीची शक्ती ४० होती. केवळ आकड्यांवर निवड होत असती, तर सर्वांनी तत्काळ नव्या इंजिनाकडे धाव घेतली असती. प्रत्यक्षात दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट पात्रांत वेगाच्या चाचण्या करणारे तरुण पुढील काही वर्षे चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनालाच धरून राहिले. त्या इंजिनाचे गुणदोष त्यांना ठाऊक होते आणि त्याचे सुधारित भाग तयार मिळत होते. नव्या इंजिनाचे तसे नव्हते. शिवाय मंदीच्या काळात ती गाडी जुनी होऊन स्वस्त होईपर्यंत थांबणे भाग होते. ज्ञान आणि घसरलेली किंमत यांची सांगड बसल्यावरच तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात व्ही-आठचा काळ सुरू झाला. व्हिक एडलब्रॉक यांनी १९३२ ची फोर्ड रोडस्टर घेऊन तिच्यावर प्रयोग केले व पुढे स्वतःच्या रचनेचे मॅनिफोल्ड विकण्यास प्रारंभ केला. म्हणजे जुनी गाडी निवडणारा ग्राहक काही वर्षांतच उत्पादक बनला.

२. शिल्लक क्षमतेचा अर्थ :

इंजिनाची शक्ती ही एका मिनिटात ते किती हवा व इंधन जाळू शकते, यावर मुख्यतः अवलंबून असते. म्हणून शक्ती वाढविण्याचे मार्गही मोजकेच आहेत : सिलिंडरचे आकारमान वाढविणे, हवेचा मार्ग मोकळा करणे, फेरे वाढविणे किंवा हवा दाबाने आत घालणे. यांपैकी प्रत्येक मार्गाला मूळ ओतकामाची मर्यादा पडते.

फोर्डच्या व्ही-आठचे उदाहरण येथे बोधप्रद ठरते. त्याच्या सिलिंडरचा मूळ व्यास सुमारे ३.०६ इंच व दट्ट्याची धाव ३.७५ इंच होती. १९४९ च्या मर्क्युरी गाडीचा क्रँकशाफ्ट ४ इंच धावेचा होता आणि तो फोर्डच्या ब्लॉकमध्ये बसविता येत असे. युद्धकाळातील व त्यानंतरच्या जाड भिंतींचा ब्लॉक घेऊन व्यास ३.३१ इंचापर्यंत वाढविला, की आकारमान २७६ घन इंच होई. मूळच्या २२१ च्या तुलनेत ही वाढ जवळजवळ एक चतुर्थांश आहे. ही वाढ कोणत्याही नव्या शोधाने झालेली नव्हती. ती त्या लोखंडात आधीपासूनच शिल्लक होती.

याच इंजिनाचा दोषही तितकाच प्रसिद्ध होता. जळालेले वायू सिलिंडर ब्लॉकच्या आतून, थंड पाण्याच्या वाटांजवळून बाहेर नेले जात आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना बाहेर पडण्यासाठी एकच मार्ग होता. परिणामी इंजिन तापे व व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंत ब्लॉकला तडे जात. म्हणून जाणकार ग्राहक गाडीच्या रंगाकडे न पाहता आधी हे तडे शोधत असे. तडा गेलेल्या ब्लॉकमध्ये शिल्लक क्षमता नसते. मग गाडी कितीही स्वस्त असो.

तिसरी बाब थांबविण्याची. फोर्डने १९३९ पर्यंत हायड्रॉलिक ब्रेक स्वीकारले नव्हते. वेग ताशी ६० मैलांवरून ९० मैलांवर गेला, तर गाडीतील गतिज ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. म्हणून १९३२ ची गाडी निवडणारे शहाणे लोक १९३९ नंतरच्या फोर्डचे ब्रेक तिला बसवीत. ज्यांनी हा खर्च टाळला, त्यांनी स्वतःबरोबर रस्त्यावरील इतरांचाही जीव धोक्यात घातला. १९३७ मध्ये स्थापन झालेली सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली नॅशनल हॉट रॉड असोसिएशन या संस्थांनी शर्यती सार्वजनिक रस्त्यावरून नियंत्रित जागी नेण्याचा प्रयत्न केला, त्यामागे हाच अनुभव होता.

३. सेडानचा स्वीकार :

आरंभीच्या काळात उघडी, हलकी रोडस्टर हीच पहिली पसंती होती. सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशनच्या स्पर्धांत प्रारंभी बंद गाड्यांना स्थान नव्हते. रसेटा टायमिंग असोसिएशनने मात्र त्यांना प्रवेश दिला. पुढे रोडस्टर दुर्मीळ व महाग होत गेल्या, तसतसे लक्ष कुटुंबासाठी बनविलेल्या बंद सेडानकडे वळले.

या परिवर्तनातील निर्णायक वर्ष १९५५ हे होय. त्या वर्षी मुख्य अभियंता एड कोल यांच्या नेतृत्वाखाली शेवरोलेने २६५ घन इंचाचे नवे व्ही-आठ इंजिन आणले. त्याची मूळ शक्ती १६२ अश्वशक्ती होती आणि वजन कंपनीच्याच सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षा कमी होते. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पुढे याच घराण्यातील इंजिने २८३, ३२७ व ३५० घन इंचांपर्यंत वाढली, तरी त्यांचा बाह्य आकार मुख्यतः तोच राहिला. त्यामुळे १९५५ ची सेडान घेणाऱ्यास बारा वर्षांनंतरचे इंजिनही तिच्यात बसविता येत असे. सुट्या भागांची ही अदलाबदल मूळतः कारखानदाराच्या काटकसरीसाठी होती. तिचा लाभ दुसऱ्या मालकाने घेतला. निवडीतही एक उलटा क्रम दिसतो. वेगाची हौस असणारे लोक सजविलेल्या 'बेल एअर'ऐवजी बऱ्याचदा 'वन-फिफ्टी' ही स्वस्त, साधी, दोनदारी सेडान पसंत करीत. कारण ती हलकी होती.

१९६४ मध्ये पाँटिअॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घन इंचाचे इंजिन घालून 'जीटीओ' विकली, तेव्हा जे काम आजवर घरामागच्या शेडमध्ये होत होते तेच कारखान्याने स्वीकारले, असे म्हणावे लागते.

४. कागदावरचे आकडे आणि कायदा :

सत्तरच्या दशकात जुन्या गाडीची निवड अधिक अवघड झाली. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरातील प्रदूषकांवर कठोर मर्यादा घातल्या. १९७२ पासून अमेरिकी कंपन्यांनी अश्वशक्ती मोजण्याची पद्धतही बदलली. पूर्वी उघडे इंजिन चाचणी-मंचावर ठेवून 'ग्रॉस' शक्ती सांगितली जाई. आता सर्व उपकरणांसह 'नेट' शक्ती सांगितली जाऊ लागली. शेवरोलेच्या कॉर्व्हेट गाडीतील 'एलटी-१' या इंजिनाचा आकडा १९७१ मध्ये ३३० होता, तो १९७२ मध्ये २५५ झाला. यातील बहुतांश घट मोजण्याच्या पद्धतीतील होती. केवळ पुस्तिकेतील आकडा वाचून जुनी गाडी निवडणारा ग्राहक येथे सहज फसू शकत होता.

प्रदूषण-नियंत्रक उपकरणे निकामी करण्यावरील बंदीची व्याप्ती १९७७ व १९९० च्या दुरुस्त्यांनी वाढत गेली आणि अखेरीस ती वैयक्तिक मालकालाही लागू झाली. कॅलिफोर्नियात सुधारित भागाला राज्याच्या हवा मंडळाची मान्यता लागते. परिणामी 'हा भाग बसतो का' या प्रश्नाच्या जोडीला 'हा भाग चालतो का' हा प्रश्न आला.

५. जपानी टर्बो सेडान :

१९९२ मध्ये जपानमध्ये मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन व सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स या दोन सेडान आल्या. दोन लिटरच्या टर्बो इंजिनांची शक्ती अनुक्रमे २५० व २४० मेट्रिक अश्वशक्ती होती. जपानी कंपन्यांत १९८९ ते २००४ या काळात २८० अश्वशक्तीच्या वर जाहिरात न करण्याचा अलिखित संकेत होता. म्हणजे जाहीर आकडा हा येथे यंत्राच्या मर्यादेपेक्षा संकेताची मर्यादा सांगत होता. टर्बो इंजिनात हवेचा दाब संगणकीय नियंत्रणातून वाढविता येत असल्याने शिल्लक क्षमता लोखंड न कापता वापरता येऊ लागली. याउलट १९८५ च्या बीएमडब्ल्यू एम-५ या सेडानचे ३.५ लिटरचे, टर्बो नसलेले इंजिन कारखान्यातूनच २८६ मेट्रिक अश्वशक्तीचे होते. तिच्यात वाढीस कमी जागा होती. उत्तम नवी गाडी ही सुधारणेसाठी उत्तम जुनी गाडी असेलच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

जपानी जोडीतही भेद आहे. लान्सरचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि वाढीव दाब सहन करणारा होता. सुबारूचा अॅल्युमिनियमचा होता व तिच्या नंतरच्या २.५ लिटरच्या टर्बो इंजिनात पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटण्याची तक्रार जाणकारांच्या परिचयाची आहे. काही दशकांपूर्वी ब्लॉकमधील तडे शोधणारा आणि आता सिलिंडरचा दाब मोजून घेणारा हे दोघे एकाच परंपरेतील आहेत.

६. भारतीय संदर्भ :

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून भिन्न होतील असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या तरतुदीचा हाच अर्थ स्पष्ट केला. त्यामुळे अमेरिकेतील ही परंपरा येथे जशीच्या तशी उतरू शकत नाही. मात्र कायद्याच्या या भूमिकेमागील प्रश्न तोच आहे : गाडी विकल्यानंतर तिच्यावर अंतिम अधिकार कोणाचा, उत्पादकाचा, मालकाचा की रस्त्यावरून चालणाऱ्या सर्वांचा?

निष्कर्ष :

१. सुधारणेसाठी जुनी गाडी निवडताना मूळ अश्वशक्तीपेक्षा शिल्लक क्षमता, सुट्या भागांची उपलब्धता व संचित ज्ञान हे घटक अधिक प्रभावी ठरले.

२. जाहीर अश्वशक्ती हा यंत्राचा निव्वळ गुणधर्म नाही. मोजण्याची पद्धत, कंपन्यांचे संकेत व कायदा यांनी तो आकडा घडविला आहे. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाने तो इतर साधनांप्रमाणेच तपासून घ्यावा.

३. दुसरा मालक हा केवळ उपभोक्ता नव्हता. त्याच्या निवडीतून एक उद्योग उभा राहिला आणि कारखानदारांनीही त्याचे अनुकरण केले.

४. शक्तीबरोबर थांबविण्याची क्षमता वाढविली नाही, तर त्याची किंमत मालकाखेरीज इतरांनाही द्यावी लागते. नियमनाचा इतिहास या अनुभवातून सुरू होतो. म्हणून मालकाचे स्वातंत्र्य आणि समाजाची सुरक्षितता यांचा विचार एकमेकांपासून तोडून करता येणार नाही.