लिव्हिंग्स्टन घराण्याचें मूळ

न्यूयॉर्क प्रांतांतील लिव्हिंग्स्टन घराण्याचा मूळपुरुष रॉबर्ट हा स्कॉटलंडांतील अँक्रम गांवीं इ. स. १६५४ त जन्मला. त्याचा बाप जॉन हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. राजनिष्ठेची शपथ नाकारल्यामुळें १६६३ त त्यास रॉटरडॅमचा आश्रय घ्यावा लागला. तेथें रॉबर्ट डच शिकला, व त्या भाषेच्याच बळावर पुढें ऑल्बनीस डच व्यापारी आणि इंग्रज अंमलदार यांजमध्यें त्याचें बस्तान बसलें. १६८६ त जहागिरीची सनद मिळाली. क्षेत्र सुमारें १,६०,००० एकर. येथवर वाद नाहीं.

वाद स्कॉटलंडांतील कुळाचा आहे. लिव्हिंग्स्टन नांवाचें कूळ अ‍ॅपिन व लिस्मोर या डोंगराळ मुलखांत आढळतें. म्हणून अमेरिकन शाखा तिकडे जोडण्याचा मोह होतो. आम्हांस तें मान्य नाहीं. ते लोक मूळचे गेलिक भाषी मॅक्ली. हें आडनांव त्यांनीं मागाहून घेतलें. आडनांव एक म्हणून कूळ एक, हा न्याय आपल्याकडेहि टिकत नाहीं. उलट जॉन आत्मचरित्रांत लिहितो कीं, आपला पणजा कॅलेंडरच्या लॉर्ड लिव्हिंग्स्टनचा पुत्र असून १५४७ त पिंकीच्या लढाईंत पडला. कॅलेंडर फॉल्कर्कजवळ, सखल प्रदेशांत आहे. मात्र हा मजकूर घटनेनंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं लिहिलेला. सबब ही जोड आम्ही संभाव्य म्हणतों, सिद्ध नव्हे.

खुद्द रॉबर्टनें, १६९४-९५ च्या सफरींत जहाज भरकटून पोर्तुगालच्या किनाऱ्यास लागल्यावर, आपल्या कुलचिन्हाच्या माथ्यावर संकटांत सांपडलेलें जहाज घातलें.