नाव राहिलं, वर्ग गेला : एका सागरताऱ्याची कथा

आज आपण नखाएवढ्या एका प्राण्याचा इतिहास पाहणार आहोत. विषय प्राणिशास्त्राचा, पण त्यातला प्रश्न आपला, तत्त्वज्ञानवाल्यांचा आहे. एखादी गोष्ट 'नवीन' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणत असतो?

थोडं मागून सुरू करू. सागरतारा म्हणजे आपला तारामासा. मासा तो नव्हेच, पण नाव रूढ झालं. लाइपझिगचे औषधविक्रेते योहान हाइनरिख लिंक यांनी १७३३ मध्ये या प्राण्यांवर लॅटिन ग्रंथ काढला. १७५८ मध्ये लिनियसनं युरोपच्या किनाऱ्यावरच्या नेहमीच्या ताऱ्याला 'अस्टेरियस रुबेन्स' हे दोनपदी नाव दिलं आणि त्याला 'कृमी' या खात्यात टाकलं. ते खातं कधीच मोडलं. नाव मात्र आजही चालू आहे. हे लक्षात ठेवू या, पुढे लागणार आहे.

आता १९८६ मध्ये येऊ. न्यूझीलंडजवळच्या समुद्रात, एक हजार मीटरहून अधिक खोलीवर, बुडालेल्या लाकडांवर मिळालेल्या नऊ चकत्यांचं वर्णन 'नेचर' या नियतकालिकात आलं. लिहिणारे ॲलन बेकर, फ्रँक रो आणि हेलन क्लार्क. चकती एक सेंटिमीटरहूनही लहान, हात नाहीत. ताऱ्याचे नलिकापाद हातांखालच्या खोबणीत ओळीनं असतात. इथे ते कडेला, एकाच वर्तुळात. पाणी खेळवणारी नलिका-कडी एकाऐवजी दोन, एकीत एक. आतडं नाहीच, त्या जागी पातळ पडदा. नाव ठेवलं 'झायलोप्लॅक्स मेडुसिफॉर्मिस', म्हणजे लाकडावरची, जेलीफिशसारखी दिसणारी चकती.

नाव ठेवून ते थांबले नाहीत. कंटकचर्मी प्राण्यांचे हयात वर्ग तोवर पाच होते: सागरतारे, भंगुरतारे, सागरी अर्चिन, समुद्रकाकड्या आणि सागरी लिली. या नऊ चकत्यांसाठी त्यांनी सहावा वर्ग मांडला. एकाच जातीचा एक अख्खा वर्ग!

आपल्या न्यायशास्त्रात 'जाती' या शब्दाचा अर्थ वेगळा, पण अडचण ओळखीची वाटेल. कशाला जाती मानता येत नाही, याची सहा कारणं उदयनाचार्य देतात. पहिलंच कारण, व्यक्ती एकच असेल तर जाती नाही. आकाश एकच, म्हणून 'आकाशत्व' ही जाती नव्हे. प्राणिशास्त्रज्ञ उलट चालतो. तो एक नमुना निवडतो, संग्रहालयात जपतो आणि नावाची गाठ त्या एका देहाशी बांधतो. पुढे कितीही वाद होवोत, नाव कोणाचं हे तो नमुना ठरवतो.

आणि वाद झालाच. १९८८ मध्ये बहामाजवळची दुसरी जाती जाहीर झाली. तिला जठर होतं. त्याच वर्षी अँड्र्यू स्मिथ यांनी म्हटलं, हा वेगळा वर्ग नाही, बदललेला सागरताराच आहे. मुद्दा तत्त्वाचा होता. विली हेनिग यांच्या पद्धतीत रूप किती वेगळं आहे यावर वर्गीकरण होत नाही, वंश कोणाचा यावर होतं. मुलगा बापासारखा दिसला नाही म्हणून घराण्याबाहेर जातो का? २००६ मध्ये ईशान्य पॅसिफिकमधून तिसरी जाती आली. २०११ मध्ये डीएनए आणि शरीररचना यांचा एकत्र अभ्यास होऊन निष्कर्ष निघाला, की झायलोप्लॅक्स सागरताऱ्यांच्याच कुळातला आहे. देह बालपणाच्या टप्प्यावर राहतो आणि तशातच तो प्रजननक्षम होतो. २०१७ च्या जनुकीय अभ्यासानंही त्याला ताऱ्यांतच ठेवलं.

मग १९८६ चे तिघे चुकले का? आपण म्हणू, दोन विधानं वेगळी करा. 'हा प्राणी असा आहे' हे एक, आणि 'म्हणून तो अमुक वर्गात बसतो' हे दुसरं. दुसरं पडलं, पहिलं उभं आहे. नलिकापादांचं ते वर्तुळ त्यांनी नोंदवलं तसंच आहे. किंबहुना त्यांनी वर्णन इतकं नेटकं केलं आणि नमुने जपले, म्हणूनच त्यांचं अनुमान पुढच्यांना तपासता आलं.

आपल्याकडे पुष्कळदा उलट होतं. अनुमान ठासून मांडतो आणि वर्णन उरकून टाकतो. मग अनुमान पडलं की हातात काहीच उरत नाही. त्या तिघांच्या हाती मात्र नऊ चकत्या उरल्या आणि एक नाव उरलं.