दोन दप्तरांतील एक विवाह

विवाह हा ख्रिस्तसभेच्या दृष्टीने पवित्र संस्कार आहे, तर शासनाच्या दृष्टीने तो कायद्याने मान्य केलेला संबंध आहे. त्यामुळे एकाच विवाहाची नोंद बहुधा दोन दप्तरांत होते. आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली आज अमेरिकेत संसार थाटून आहेत. उद्या त्यांची नातवंडे आपल्या कुळाचा शोध घेऊ लागतील, तेव्हा त्यांना तेथील काउंटीच्या कचेरीचे दार ठोठवावे लागेल. त्या दाराआडच्या कागदांचा इतिहास म्हणूनच जाणून घेण्यासारखा आहे.

विवाहाची नोंदवही निर्माण झाली ती कारकुनी हौसेपोटी नव्हे. मध्ययुगीन युरोपात गुपचूप विवाह सर्रास होत. साक्षीदार नसत, लेखी पुरावा नसे. पुढे एकाने विवाह नाकारला की दुसरा जोडीदार, बहुधा स्त्री, निराधार होई. या अन्यायाला आळा घालण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली 'तामेत्सी' हा हुकूम काढला. विवाहाची आगाऊ जाहीर घोषणा, धर्मगुरू व साक्षीदारांची उपस्थिती आणि धर्मग्रामात जपून ठेवलेली विवाहनोंदवही हे नियम त्याने घालून दिले. दुर्बलाला आधार देणे हा त्या वहीचा मूळ हेतू होता.

अमेरिकेत विवाहाचा कायदा संघराज्य सरकारच्या नव्हे, तर प्रत्येक राज्याच्या अखत्यारीत येतो; आणि दप्तर बहुतेक राज्यांत काउंटीकडे, म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारख्या विभागाकडे असते. मॅसॅच्युसेट्ससारख्या न्यू इंग्लंडमधील राज्यांत मात्र ते नगराच्या कारकुनाकडे पूर्वापार चालत आले आहे. वधूवर प्रथम परवाना घेतात. विवाह लावणारा धर्मगुरू वा न्यायाधीश विधीनंतर त्यावर सही करून तो कचेरीला परत पाठवतो, आणि मगच नोंद पूर्ण होते. संशोधकाने हा भेद ध्यानात ठेवावा: नुसता परवाना म्हणजे विवाहाचा इरादा, सही होऊन परत आलेला कागद म्हणजे विवाहाचा पुरावा.

या दप्तरांत आपल्या देशाचीही एक कहाणी दडलेली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील शेतकरी कॅलिफोर्नियात गेले व इंपिरिअल खोऱ्यात शेती करू लागले. १९१७ च्या कायद्याने भारतातून येणाऱ्यांची वाट बंद केली; बायकामुलांना आणणे अशक्य झाले. त्यांच्यापैकी शेकडो जणांनी मेक्सिकन वंशाच्या कॅथॉलिक स्त्रियांशी विवाह केले. राज्याचा कायदा गोऱ्यांना काही वंशांच्या लोकांशी विवाह करू देत नव्हता, म्हणून वधूवरांचा वर्ण कोणता हे कारकुनाच्या नजरेवर ठरे. दोघेही सावळे दिसले की वर्णाच्या रकान्यात 'ब्राउन' लिहून परवाना मिळे; एखादा कारकून अडून बसला की जोडप्याला दुसरी कचेरी गाठावी लागे. त्यांच्या अनेक मुलांचे स्नानसंस्कार कॅथॉलिक चर्चमध्ये झाले. कॅरन लेनर्ड या विदुषीने १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कुटुंबांचा इतिहास मांडला, आणि त्यासाठी काउंटीची दप्तरे धुंडाळली.

कारकुनाच्या लेखणीची ही सत्ता मोडली ती दोन कॅथॉलिक व्यक्तींनी. मेक्सिकन वंशाची आंद्रेआ पेरेझ कायद्याच्या हिशेबात गोरी, तर सिल्व्हेस्टर डेव्हिस कृष्णवर्णीय. १९४७ साली लॉस एंजलिस काउंटीच्या क्लार्कने त्यांना परवाना नाकारला. त्यांचे वकील डॅनिअल मार्शल यांनी न्यायालयात युक्तिवाद केला की, आमची ख्रिस्तसभा अशा विवाहाला मज्जाव करीत नाही. तेव्हा हा संस्कार अडवणे म्हणजे धर्मस्वातंत्र्यावर घाला होय. १ ऑक्टोबर १९४८ रोजी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तो कायदा रद्द ठरवला. न्या. ट्रेनर यांनी मुख्य निकालपत्रात समानतेच्या तत्त्वावर भर दिला. पण निर्णायक चौथे मत देणारे न्या. एडमंड्स यांनी धर्मस्वातंत्र्याचाच आधार घेतला. सबंध देशात असे कायदे रद्द व्हायला १९६७ साल उजाडावे लागले.

आता प्रत्यक्ष शोधाविषयी. पहिला प्रश्न: विवाह कोणत्या काउंटीत झाला? राहण्याचे ठिकाण व विवाहाचे ठिकाण एकच असेल असे नाही. शिवाय काउंट्यांच्या सीमा बदलत आल्या आहेत. इंपिरिअल काउंटी १९०७ साली सॅन डिएगो काउंटीतून वेगळी झाली. त्याआधीचा विवाह जुन्या काउंटीच्या दप्तरात शोधावा लागतो. दुसरा प्रश्न नावांचा. कारकून कानाला ऐकू येईल तसे लिहीत. तेव्हा आडनावाची सर्व संभाव्य रूपे द्यावीत. वराचे नाव 'सिंग' असेल तर वधूच्या नावाने शोधणे शहाणपणाचे. तिसरा प्रश्न अधिकाराचा. कॅलिफोर्नियात सार्वजनिक विवाहाची नोंद काउंटीच्या रेकॉर्डरकडे असते. तिची अधिकृत प्रत ठरावीक व्यक्तींनाच शपथपत्रावर मिळते. इतरांना माहितीपुरती प्रत मागता येते. गोपनीय परवान्यावर झालेल्या विवाहाची नोंद मात्र क्लार्ककडे असते व ती पतिपत्नींखेरीज इतरांना न्यायालयाच्या आदेशाविना मिळत नाही.

अर्जात दोघांची पूर्ण नावे, वधूचे माहेरचे आडनाव, विवाहाची तारीख किंवा निदान दोनचार वर्षांची मर्यादा, ठिकाण आणि अर्जदाराचे नाते लिहावे. शुल्क आधी विचारून घ्यावे. नुसत्या प्रमाणपत्रावर समाधान न मानता मूळ परवान्याची व त्यासाठी केलेल्या अर्जाची प्रत मागावी. आईवडिलांची नावे व जन्मस्थळ बहुधा तेथेच सापडतात. अनेक काउंट्यांची जुनी दप्तरे यूटा राज्यातील वंशावळी संस्थेने १९३८ पासून सूक्ष्मपटांवर उतरवली. त्यांतील पुष्कळशी आज संगणकावर पाहता येतात.

काउंटीचा शोध खुंटला, तरी ख्रिस्ती कुटुंबाला आणखी एक वाट मोकळी असते. १९८३ च्या चर्चसंहितेचे ११२२ वे कलम सांगते की विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या नोंदवहीतही व्हावी. आणि विवाह अन्यत्र झाला असेल, तर तेथील धर्मगुरूने स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कळवावे. म्हणजे वसईत स्नानसंस्कार झालेल्या मुलीचा विवाह कॅलिफोर्नियातील चर्चमध्ये झाला, तरी त्याची ओळ तिच्या मायभूमीतील वहीत उमटायला हवी. ती उमटली आहे की नाही, हे धर्मग्रामाच्या कचेरीत एकदा विचारून पाहावे. राहून गेलेली ओळ आज लिहून घेणे सोपे आहे; पन्नास वर्षांनी ती शोधणाऱ्या नातवंडाला ते तितके सोपे जाणार नाही.